ट्रॅकिओस्टॉमीचा सेट आणला होता

मंगळवार, २९ मार्च २००५, सकाळ

इंग्लंडमधलं एक खासगी रुग्णालय. ईस्टरची सुट्टी नुकती संपलेली. ईलेन ब्रॉमिली, वय ३७, दोन लहान मुलांची आई, आज ओटीच्या यादीवर आहे. सायनसचा जुना त्रास आणि नाकाचा वाकडा पडदा, दोन्ही एकाच भुलेत उरकायचं ठरलं आहे. नवरा मार्टिन व्यवसायाने वैमानिक. तो मुलांना घेऊन तिचा निरोप घेतो. दुपारनंतर फोन येईल आणि आपण तिला भेटायला जाऊ, एवढाच त्या दिवसाचा बेत.

तपासणीत एक गोष्ट नोंदलेली आहे: तिच्या मानेचे दोन मणके जन्मापासून जुळलेले आहेत. भूलतज्ज्ञाने ते पाहिलं आहे, आणि श्वासमार्गाची खास अडचण येईल असं त्याला वाटलेलं नाही. त्याच्या गाठीला बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. कान-नाक-घसा सर्जन तर तीस वर्षं हेच काम करतो आहे. उपकरणं जागेवर आहेत, कर्मचारी पुरेसे आहेत. मी ओटी नर्सिंगच्या मुलींचा कायद्याचा तास घेतो तेव्हा ही यादी फळ्यावर लिहून विचारतो, यात काय कमी आहे? कुणालाच काही सापडत नाही.

संमतीपत्रावर सही झालेली आहे. आपल्याकडे या कागदाची किंमत सिस्टरच्या तोंडी असलेल्या एका वाक्याइतकी उरली आहे: "सही घेतली का?" समजावणं डॉक्टरांचं काम, सही घेणं सिस्टरचं, आणि मध्ये पेशंटला काय कळलं हे कुणाच्याच खात्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात याबद्दल स्पष्ट निकाल दिला. दुर्बिणीतून तपासणी करायला एका अविवाहित स्त्रीने संमती दिली होती. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. तिचा जीव तातडीने वाचवण्याचा प्रश्न तेव्हा नव्हता. न्यायालय म्हणालं, सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या माणसाच्या वतीने आईलाही संमती देता येत नाही. तो कागद घेऊन ओटीच्या दारातून कुणीतरी बाहेर गेलंच असणार. त्या माणसाला त्या क्षणी "पेशंटला जागं होऊ द्या, मग विचारू" असं म्हणता आलं असतं का, हा प्रश्न निकालपत्रात नाही. मला मात्र तो सोडत नाही, कारण ईलेनच्या खोलीतही पुढे तोच प्रश्न उभा राहणार आहे.

८ वाजून ३५ मिनिटे

भूल दिली जाते. शिरेतून औषध जातं आणि ईलेन झोपते. आता घशात स्वरयंत्राच्या वर बसणारा मास्क घालायचा आणि त्यातून प्राणवायू द्यायचा. रोजच्या सवयीची ही पायरी आहे.

कायद्याच्या दृष्टीने मात्र या मिनिटात मोठी गोष्ट घडते. काही सेकंदांपूर्वी ही बाई स्वतः श्वास घेत होती, दुखलं तर सांगू शकत होती, हात झटकू शकत होती. आता तिचं सगळं खोलीतल्या माणसांवर आलं आहे. कायदा याला काळजीचं कर्तव्य म्हणतो. ते फक्त सर्जनवर येतं असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. ओटीचा कप्तान सर्जन, बाकीचे त्याचे हात! खरं तर भूलतज्ज्ञ, स्क्रब सिस्टर, बाहेरून सामान पुरवणारी सिस्टर, तंत्रज्ञ, ट्रॉली ढकलणारे मामा, प्रत्येकाचं आपापल्या कामापुरतं वेगळं कर्तव्य असतं, आणि ते दुसऱ्याच्या कर्तव्यात विरघळत नाही.

मास्क आत जात नाही. जबडा ताठ आहे. आणखी औषध देऊन पुन्हा प्रयत्न होतो, दुसऱ्या मापाचा मास्क घेतला जातो. तोही बसत नाही.

८ वाजून ३७ मिनिटे

रक्तातल्या प्राणवायूचा आकडा ७५. नव्वदच्या खाली गेला तरी ओटीत माना वळतात. ईलेनचा रंग निळसर दिसू लागला आहे.

८ वाजून ३९ मिनिटे

४०.

तोंडावर मास्क दाबून शंभर टक्के प्राणवायू देण्याचा प्रयत्न चालला आहे, पण तो आत जाणं अतिशय कठीण झालं आहे. चार मिनिटांपूर्वी शांतपणे झोपलेली बाई आता गुदमरते आहे.

इथपर्यंत कुणी निष्काळजीपणा केला का? नाही, असंच मी म्हणेन. मास्क न बसणं ही दुर्घटना आहे, आणि दुर्घटना म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. इंग्लंडमध्ये यासाठी १९५७ पासून बोलॅमची कसोटी आहे. विजेचे झटके देण्याच्या उपचारात हाडं मोडलेल्या एका रुग्णाच्या दाव्यातून ती निघाली: त्या शाखेतल्या जबाबदार, जाणकार मंडळींना मान्य असलेल्या पद्धतीने वैद्य वागला असेल, तर दुसऱ्या काही जाणकारांचं मत वेगळं आहे एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही. पुढे १९९७ मध्ये बोलिथोच्या निकालाने तिला एक अट जोडली: ते जाणकार मत तर्काला टिकणारंही हवं. भारतीय न्यायालयांनीही मोजमाप मुख्यतः याच काठीने केलं आहे. ही काठी आखूड आहे अशी तक्रार मी अनेकदा ऐकतो. पण संकटातल्या माणसाला सर्वोत्तम निर्णयाची सक्ती केली, तर कुणी चाकू हातात धरणार नाही.

काठी लागते ती पुढच्या मिनिटांना.

८ वाजून ४५ मिनिटे

मदतीला दुसरा भूलतज्ज्ञ आला आहे. स्नायू सैल करणारं औषध दिलं आहे. श्वासनलिकेत नळी घालायचे प्रयत्न सुरू आहेत, पण स्वरयंत्र दिसत नाही. आकडा अजून चाळीसच्या आसपासच आहे.

या अवस्थेला भूलशास्त्रात ठरलेलं नाव आहे: नळीही घालता येत नाही, हवाही देता येत नाही. त्यावर काय करायचं तेही ठरलेलं आहे. इंग्लंडमधल्या कठीण श्वासमार्गाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने आदल्याच वर्षी, २००४ मध्ये, मार्गदर्शक सूचना छापल्या होत्या. वरून वाट मिळत नसेल तर गळ्यातून वाट करा. मानेच्या पुढच्या बाजूला छेद घेऊन प्राणवायू थेट श्वासनलिकेत द्यायचा. खोलीत या क्षणी कान-नाक-घसा सर्जन हजर आहे. गळा उघडणं त्याच्या विद्येतलं काम आहे.

तो छेद घेतला जात नाही. सर्जन स्वतःही नळी घालून पाहतो. वेगवेगळी उपकरणं वापरली जातात, लवचिक दुर्बीण वापरली जाते. तीन वरिष्ठ माणसं, सहा हात, एकाच वाटेवर अडकलेली. नंतरच्या चौकशीत दिसलं की त्यांचं वेळेचं भान गेलं होतं. अशा वेळी पाच मिनिटं अर्ध्या मिनिटासारखी वाटतात. सगळ्यांचं लक्ष नळीवर एकवटलं होतं, आणि खोलीचा ताबा नेमका कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिघेही वरिष्ठ असल्यामुळे कुणीच वरिष्ठ उरला नव्हता.

आता परिचारिकांकडे पाहा.

एकीने परिस्थिती ओळखून सहकारिणीला ट्रॅकिओस्टॉमीचा, म्हणजे गळ्यातून वाट करायचा, सेट आणायला सांगितलं. तो आला. सेट तयार आहे असं डॉक्टरांना सांगण्यात आलं. कुणी वळून पाहिलं नाही.

दुसरी आत आली, तिने ईलेनचा रंग पाहिला, मॉनिटरवरचे आकडे पाहिले, आणि सरळ बाहेर जाऊन अतिदक्षता विभागाला फोन करून बेड मागितला. परत येऊन तिने बेड मिळाल्याचं सांगितलं. तिच्याकडे जे कटाक्ष आले त्यांचा अर्थ तिने लावला तो असा: मी उगाच घाबरून जास्त करते आहे. ती पुन्हा बाहेर गेली आणि बेड रद्द करून आली.

हा फोन मी वर्गात दरवेळी सांगतो आणि दरवेळी वर्ग गप्प होतो. त्या मुलींना हे कटाक्ष ओळखीचे आहेत. "सर, एक मॉप कमी येतोय" म्हटल्यावर "नीट मोज" असं ऐकलेली प्रत्येक सिस्टर इंग्लंडमधली ही खोली आतून ओळखते.

मॉपचा, म्हणजे शस्त्रक्रियेत रक्त टिपायच्या कापडाचा, विषय निघालाच आहे, तर आपल्या घरची गोष्ट सांगायला हवी. १० जुलै १९६३, औरंगाबाद. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात एक स्त्री बाळंतपणासाठी दाखल झाली. १३ जुलैला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. लगेच खूप ताप आला, आणि इतक्या साध्या शस्त्रक्रियेनंतर होऊ नयेत अशा वेदना सुरू झाल्या. १५ जुलैला नवऱ्याने धावाधाव करून त्याच रुग्णालयातल्या, पण दुसऱ्या विभागातल्या एका नामांकित सर्जनला दाखवलं. टाके उघडून पाहावेत असं त्यांनी सुचवल्याचं नंतर साक्षीत आलं. ते झालं नाही. १६, १७, १८ असेच गेले. १९ जुलैला त्याच सर्जननी पोट उघडलं तेव्हा आत पू साठला होता, आणि पहिल्या शस्त्रक्रियेत राहिलेला मॉप सापडला. २४ जुलैला ती गेली.

खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि २० फेब्रुवारी १९९६ रोजी, म्हणजे साडेबत्तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने ती भरपाई राज्य सरकारकडून पुन्हा मिळवून दिली. या निकालात ओटीतल्या प्रत्येकाने समजून घ्याव्यात अशा दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे घटनाच स्वतः बोलते, हे तत्त्व. शिवलेल्या पोटात मॉप आपोआप जात नाही. तो सापडला की निष्काळजीपणा झालाच नाही हे दाखवायची जबाबदारी रुग्णालयाकडे सरकते. दुसरी म्हणजे मालकाचं उत्तरदायित्व. नेमकी चूक कोणत्या डॉक्टरची की आणखी कुणाची हे ठामपणे सिद्ध झालं नाही, तरी तेवढ्यावरून नातेवाइकांचा दावा बुडत नाही. ते सगळे सरकारचेच नोकर होते, म्हणून सरकारने भरायचं. रुग्णालय चालवणं हे सार्वभौम सत्तेचं काम आहे, तिथे सरकारला दाव्यापासून कवच आहे, हा बचाव न्यायालयाने मानला नाही.

न्याय म्हणून हे बरोबरच आहे. नातेवाइकांनी ओटीच्या बंद दाराआड कुणाचा हात चुकला हे कुठून शोधायचं? पण त्या १३ जुलैला मॉपची मोजणी झाली होती का, झाली असेल तर कुणी केली, कुणाला शंका आली होती का, आली असली तर ती बोलून दाखवता आली का, यातलं काही भरपाईच्या हिशेबात लागत नाही. दावा पैशाचा असतो. तो पैसे कुणी द्यायचे तिथे संपतो.

९ वाजता

नळी घालण्यासाठीच बनवलेला एक वेगळा मास्क अखेर बसतो. आकडा ९० पर्यंत चढतो. इथे थांबायला हवं होतं. हवा जाते आहे, बाईला जागं होऊ द्यावं. पण त्या मास्कमधून नळी घालण्याचे प्रयत्न सुरू होतात, आणि प्राणवायू पुन्हा खाली-वर होऊ लागतो.

९ वाजून १० मिनिटे

प्रयत्न सोडले जातात. शस्त्रक्रिया रद्द. ईलेनला जागं होण्यासाठी रिकव्हरीत नेलं जातं. हिशेब केला तर जवळजवळ वीस मिनिटं तिचा प्राणवायू चाळीसच्या खाली होता.

११ वाजता

ती जागी होत नाही. तिला दुसऱ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात हलवावं लागणार, हे आता स्पष्ट होतं. तिथला बेड पुन्हा मागितला जातो.

सोमवार, ११ एप्रिल २००५

मेंदूची हानी भरून येण्यासारखी नव्हती. यंत्रांचा आधार काढल्यानंतर ईलेन तेराव्या दिवशी गेली.

त्यानंतर

मार्टिन ब्रॉमिलीने रुग्णालयाला विचारलं, आता चौकशी कधी सुरू होणार? विमान कोसळलं की चौकशी होते, कारण पुढचं विमान पडू नये. त्याला कळलं की तुम्ही दावा किंवा तक्रार केल्याशिवाय अशी चौकशी सहसा होत नाही. दावा लावायचा त्याचा विचार नव्हता. त्याने पाठपुरावा करून स्वतंत्र चौकशी करवून घेतली. भूलशास्त्राचे प्राध्यापक मायकेल हार्मर यांनी ती केली, आणि वर दिलेली मिनिटं आपल्याला ठाऊक आहेत ती तिच्यामुळेच.

मग कॉरोनरपुढे सुनावणी झाली. मुंबईच्या जुन्या लोकांना कॉरोनर आठवत असेल. ते पद आपल्याकडे १९९९ पर्यंत होतं. मृत माणूस कोण, तो कधी, कुठे आणि कसा मेला, एवढंच तिथे शोधतात. दोषी कोण हे ठरवायला तिथे मनाई असते. म्हणूनच लोक बोलतात. त्या सुनावणीत दोन परिचारिकांनी सांगितलं की काय करायला हवं आहे हे त्यांना नेमकं कळत होतं, पण तो विषय काढायचा कसा हे कळत नव्हतं.

या वाक्याचं कायद्यात काय करायचं? कर्तव्याचा भंग कृतीने होतो तसा अकृतीनेही होतो. जे करणं कायद्याने बंधनकारक होतं ते न करणं, हे आपला फौजदारी कायदाही कृतीतच धरतो. कठोर वकील या दोघींना उलटतपासणीत घेऊन म्हणेल, तुम्हाला कळत होतं आणि तुम्ही ओरडला नाहीत. मी त्या वकिलाच्या बाजूने उभा राहणार नाही. त्यांनी त्यांच्या दर्जाच्या माणसाला जमतील तेवढ्या दोन गोष्टी केल्या होत्या: सेट आणला होता, बेड मिळवला होता. ऐकणं हेही वरिष्ठाच्या कर्तव्यात बसतं, असं मला मनापासून वाटतं. कनिष्ठाचं बोलणं आत येऊ न देणारा सर्जन त्याच्या ज्ञानाचा एक डोळा बांधून काम करतो, आणि त्याला कसोटी लावताना त्या बांधलेल्या डोळ्याचा हिशेब धरला पाहिजे.

योगायोग असा की ईलेनच्या मृत्यूनंतर चारच महिन्यांनी, ५ ऑगस्ट २००५ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्याचा निकाल दिला, आणि तीही प्राणवायूचीच गोष्ट होती. लुधियानात श्वास लागलेल्या वृद्ध रुग्णाला सिलिंडर लावला तो रिकामा निघाला. मुलाने शेजारच्या खोलीतून दुसरा आणेपर्यंत उशीर झाला. सरन्यायाधीश लाहोटी यांच्या पीठाने डॉक्टरांविरुद्धचा फौजदारी खटला रद्द केला. दिवाणी भरपाईला साधा निष्काळजीपणा पुरतो, तुरुंगात पाठवायला तो घोर असावा लागतो, आणि गुन्हा नोंदवून डॉक्टरला अटक करण्याआधी पोलिसांनी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, असं त्या निकालाने ठरवलं. सिलिंडर भरलेला ठेवणं कुणाचं काम होतं, हा प्रश्न रुग्णालयाच्या दिवाणी जबाबदारीवर सोडला गेला.

आणि आता एक गोष्ट जी मी वर्गात सर्वात शेवटी, दार लावून सांगतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या ३०४-अ ऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला मात्र वैद्यकीय प्रक्रिया करताना ती दोन वर्षांपर्यंतच आहे. चांगलं आहे. पण त्या कलमाच्या स्पष्टीकरणात व्यावसायिक म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर. परिचारिकांची नोंद वेगळ्या परिषदेत होते, ओटी तंत्रज्ञाचीही त्या वहीत नाही. म्हणजे एकाच टेबलाभोवती, एकाच घटनेत, निर्णय घेणाऱ्याला कमाल दोन वर्षं आणि मॉप मोजणारीला पाच, असा अर्थ शब्दांमधून निघू शकतो. संसदेने हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. पण ओटीत ज्यांना बोलण्याची सर्वात कमी मुभा आहे त्यांच्यावर जास्त शिक्षेची टांगती तलवार ठेवणं हा अन्याय आहे, आणि तो दुरुस्त व्हायला हवा.

२००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेची तपासयादी आणली. भूल देण्याआधी मोठ्याने विचारायचं: श्वासमार्ग कठीण आहे का, मदत तयार आहे का? छेद घेण्याआधी सगळ्यांनी नाव आणि काम सांगायचं. शेवटी परिचारिकेने मोजणी बरोबर असल्याचं तोंडाने जाहीर करायचं. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात नवी दिल्लीचं एक होतं. मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलं. आपल्याकडे अनेक ठिकाणी शस्त्रक्रिया संपल्यावर तिच्यावर एका बैठकीत सगळ्या खुणा केल्या जातात. अशी यादी पुढे न्यायालयात आली, तर ती रुग्णालयाच्याच विरोधात साक्ष देते.

मी मुलींना सांगतो, बोला, आणि बोललात ते वेळेसह लिहा. "०८:४५, सॅच्युरेशन ४०, ट्रॅकिओस्टॉमी सेट तयार, डॉक्टरांना सांगितलं." एकदा एकीने विचारलं, "आणि सर चिडले तर?" तिला मी नोंदीचा तो कागद दाखवला. त्यात चिडण्यासाठी रकाना नाही.

मार्टिन ब्रॉमिलीने २००७ मध्ये वैद्यकीय क्षेत्रातल्या मानवी चुकांवर काम करणारा गट उभा केला. हार्मर यांचा अहवाल त्याने डॉक्टरांची नावं काढून सगळ्यांसाठी खुला केला. त्या खोलीतली माणसं पुन्हा कामावर यावीत असं त्याचं म्हणणं होतं, कारण त्या सकाळी काय घडलं हे त्यांच्याइतकं कुणालाच कळलेलं नव्हतं. ती पुन्हा कामावर आली.